स्टेनगनला पंचामृत

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आमच्या मराठी गोतावळ्यात प्रत्येकाची काही ना काही ओळख आहे. कुणाच्या हातच्या पुरणपोळ्या, कुणाचा नाट्यगीतांचा गळा, आणि मी म्हणजे ‘ते बंदूकवाले काका’. पस्तीस वर्षं तेलाच्या पाइपलाइनी डिझाइन केल्या, त्याचं कुणाला सोयरसुतक नाही.

बंदूक माझ्याकडे एकच आहे, पण ती खरीखुरी मशीनगन आहे. दुसऱ्या महायुद्धातली स्टेन. दिसायला अगदीच दरिद्री. एक नळी, तिला वेल्डिंगने चिकटवलेले चार तुकडे आणि डाव्या बाजूला गोळ्यांचं आडवं मॅगझिन. पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो, काका, हा सायकलचा पंप का? टेक्सासमध्ये अशी जुनी, सरकारदरबारी नोंद असलेली बंदूक घरी ठेवता येते. मी ती का घेतली, तर माझे वडील लष्कराच्या वर्कशॉपमध्ये आर्मरर होते, म्हणजे बंदुका दुरुस्त करायचे. जन्मभर त्यांनी अशाच स्टेन खोलल्या, पुसल्या आणि परत जोडल्या. त्यांच्या शर्टाला जो तेलाचा वास यायचा, तो मला माझ्या गॅरेजमध्ये येतो. मला तो आवडतो, बस. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

गोळ्या झाडण्यात मला रस नाही. जीव अडकलाय तो सुट्या पार्ट्समध्ये. शनिवार-रविवारी कुठेतरी गन शो, म्हणजे बंदुकांचा बाजार, असला की मी डब्यात थालीपीठ घेऊन दोन-दोनशे मैल ड्राइव्ह करतो. तिथे टेबलांखाली बादल्या असतात, त्यात हात घालून जुन्या स्प्रिंगा, पिना, बोल्ट शोधायचे. आडदांड, दाढीवाले टेक्सन एका स्प्रिंगच्या वेटोळ्यांवर अर्धा अर्धा तास दबक्या आवाजात चर्चा करतात, तेव्हा मला लग्नाच्या हॉलमध्ये साडीचा पदर चाचपून बघणाऱ्या मावश्या आठवतात. मीही त्यातलाच. बायको म्हणते, अहो, भंगारवाल्याशीच लग्न करायचं होतं तर नागपुरात चांगलं स्थळ होतं.

घोडं अडलं होतं ते मुलीपाशी. ती ह्यूस्टनला ट्रॉमा सर्जन आहे. गोळ्या लागलेली माणसं तिच्या टेबलावर येतात, आठवड्यातून कितीतरी. पाच वर्षांपूर्वी दसऱ्याला पूजेत मांडलेली माझी स्टेन बघून ती भरल्या ताटावरून उठली. बाबा, ही विकून टाका, एवढंच म्हणाली. मी डोक्यात राख घातली. हे माझं घर आहे आणि इथला दसरा माझ्या पद्धतीनेच होणार, असं तिला सगळ्यांसमोर सुनावलं. तेव्हापासून ती दिवाळीला येते, माझ्या वाढदिवसाला केक घेऊन येते, पण दसऱ्याला येत नाही. माझं ते बोलणं मला अजून खुपतं.

या वर्षी माझ्या बोटांचा संधिवात वाढला, तेव्हा वकिलाने सुचवलं की बंदूक एका ट्रस्टच्या नावावर करा, म्हणजे तुमच्यामागे कुणाची धावपळ नको. पण ट्रस्टमध्ये दुसरं माणूस लागतं. त्याची सही लागते आणि दहाही बोटांचे ठसे लागतात. बायकोने साफ कानांवर हात ठेवले. उरली मुलगी. मी घाबरत घाबरत फोन केला. ती म्हणाली, दसऱ्याला येते, समोरासमोर बोलू. मला तिची सही हवी होती, हे खरं. पण त्याहून जास्त मला ती दसऱ्याला घरात हवी होती.

तिथी कुठलीही असो, आमच्याकडे दसरा कायम शनिवारीच येतो. आपटा इथे मिळत नाही, म्हणून मागच्या अंगणातल्या रेडबड नावाच्या झाडाची पानं ओरबाडायची आणि सोनं म्हणून वाटायची. आकार बराचसा जुळतो. शस्त्रपूजेला लोक आपापली शस्त्रं आणतात. सहा-सात लॅपटॉप, दोन स्टेथोस्कोप, एकाचं ड्रिल मशीन, नव्या टेस्लाची चावी. मधोमध पाटावर माझी स्टेन, रिकामी आणि दोनदा तपासलेली. पूजा सांगायला आमचा एक रिटायर्ड भूलतज्ज्ञ मित्र असतो. तो हल्ली फोनवरच्या अ‍ॅपमध्ये बघून सगळ्या पूजा सांगतो, आणि त्याच्या आवाजाने जुन्या सवयीप्रमाणे निम्मे लोक पेंगतात.

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात ड्राइव्हवेवर मुलीची गाडी वाजली आणि मी तिला घ्यायला दारात गेलो. आम्ही बापलेक अवघडून पाच मिनिटं ट्रॅफिकबद्दल बोललो. आत शंख वाजला. आम्ही आत येऊन बघतो तर मित्राने माझ्या स्टेनला पंचामृताने न्हाऊ घातलेलं.

त्याचं लॉजिक बिनतोड होतं. अ‍ॅप म्हणालं, देवतेला अभिषेक करा. आजची देवता शस्त्र. सबब शस्त्राला अभिषेक. मग लॅपटॉपना का नाही केला, असं मी विचारलं. अरे, ते इलेक्ट्रॉनिक आहेत, असं तो अगदी शांतपणे म्हणाला. दूध, दही, तूप, मध, साखर, वर बेदाणे, काही म्हणून राहिलं नव्हतं. मॅगझिनच्या खाचेतून मधाची तार लोंबत होती. एका काकूंनी तर खालचं ताम्हन उचलून तीर्थ वाटायला सुरुवात केली होती. त्यात माझं गन ऑइल उतरलं होतं. मी धावत जाऊन पहिल्या माणसाचा हात धरला, नाहीतर त्या दिवशी मुलीला घरीच ड्यूटी लागली असती.

लोक हसत हसत जेवायला बसले. माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं होतं. ऐंशी वर्षांचं लोखंड, त्यात दही! मी बंदूक उचलून गॅरेजमध्ये आलो, बादलीत गरम पाणी घेतलं, टॉवेल पसरला आणि खोलायला लागलो. पण मागची स्प्रिंग दाबायला बोटांत जोरच नव्हता. दोनदा सटकली. तिसऱ्यांदा अंगठ्याचं साल निघालं. वडील हे डोळे मिटून करायचे आणि मला उघड्या डोळ्यांनी जमेना. मला रडूच यायला लागलं.

“सरका, बाबा.”

मुलगी दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिने खुर्ची ओढली, माझ्या हत्यारांच्या डब्यातले ग्लोव्ह्ज चढवले आणि बंदूक समोर घेतली. पुढचा पार्ट कुठला तेवढं मी सांगायचं, काढायचा तिने. स्प्रिंग निघाली, बोल्ट निघाला. प्रत्येक तुकडा धुऊन, पुसून ती टॉवेलवर ओळीने मांडत होती. बोल्टच्या खाचेत बेदाणा सापडला तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग कॉटन बडने एकेका भोकातला मध टिपता टिपता ती हसायची थांबली.

“मी सही करते,” ती म्हणाली. “पण तुमच्यानंतर मी ही विकणार नाही, कुणाला देणार नाही. कापून टाकणार. हे तुम्हाला आत्ताच माहीत पाहिजे.”

मला राग आला. आलाच. ज्या वस्तूवर माझ्या बापाचं आयुष्य गेलं ती ही पोरगी कापणार, आणि ते माझ्या तोंडावर सांगणार. बोलायला तोंड उघडलं, तेव्हा ती दिव्याखाली नळी धरून आत बघत होती. कुठे डाग राहिला नाही ना, हे बघत होती. जी बंदूक तिला डोळ्यांसमोर नको होती, तीच माझ्यासाठी तासभर हातात घेऊन बसली होती. पाच वर्षांपूर्वीचं वाक्य पुन्हा जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं.

“काप,” मी म्हणालो. “पण मी आहे तोवर दसऱ्याला येत जा.”

“येईन,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. माझेही.

मग तिने ग्लोव्ह्ज काढले, हात धुतले आणि कोरडे केले. मी ठशांचं कार्ड आणि शाईचा पॅड पुढे ठेवला. आपलं बोट आपणच दाबलं तर ठसा फिसकटतो. दुसऱ्याने धरून, हळूच एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवायचं असतं. मी तिचा अंगठा माझ्या दुखऱ्या बोटांत धरला. हा हात मी शेवटचा कधी धरला होता, काही केल्या आठवेना. तिने तो सैल सोडला. दहा बोटांना पाच मिनिटं पुरतात, पण आम्ही बराच वेळ लावला.