डाव्या बाजूचं कव्हर

"मॅडम, कव्हर हाये का?"

रोज सकाळी एकाच फाट्यावर, मान जराही न वळवता, सर हा प्रश्न विचारायचे. विचारायचे म्हणजे ओरडायचेच. आणि मी मागच्या सीटवरून, स्कार्फमधून तोंड बाहेर काढून, तेवढ्याच जोरात सांगायचे, "हाये!" नऊ वर्षं हे चाललं. माझ्या नवऱ्याने सगळ्या संसारात मला इतक्यांदा काही विचारलेलं नाही.

सर आमच्या शाळेत गणित शिकवायचे, मी मराठी. दोघंही कुडव्याला राहणारे, शाळा अठरा किलोमीटरवर आणि बस तिच्या मर्जीची. मला गाडी चालवता येत नाही. दोनदा शिकले, दोनदा पडले, विषय संपला. तेव्हा सर आपण होऊन म्हणाले, "येत चला माझ्या गाडीवर. फक्त एक काम करावं लागन." मला वाटलं, पेट्रोलचं म्हणत असतील. पण त्यांना माझी टाच हवी होती.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. मलाही कळत नव्हतं. मोटरसायकलच्या सीटखाली दोन्ही अंगांना जी तिकोनी झाकणं असतात, त्यांना साइड कव्हर म्हणतात. त्यांना आतून तीन खुंट्या असतात. गाडीला तीन भोकं, भोकांत रबर, रबरात खुंटी रुतली की कव्हर पक्कं. सरांची गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. उजवं कव्हर मूळचं होतं आणि त्याच्यावर पेंटरने वळणदार अक्षरांत सरांचं नाव काढलेलं होतं. पहिल्या दिवशी ते वाचून मी मनात म्हटलं, काय बाई हौस माणसाला स्वतःच्या नावाची!

डावं कव्हर मात्र सरांनी घरी बनवलं होतं. रंगाच्या प्लॅस्टिकच्या बादलीतून कापलेलं. त्याच्यावर बादलीवरचा एकच शब्द शिल्लक होता, 'टिकाऊ'. ते तारेने बांधलेलं असायचं, वर सायकलच्या ट्यूबचा पट्टा, आणि या सगळ्याच्या वर मी. साडीत एका अंगाने बसायचं म्हणजे दोन्ही पाय डावीकडे. एक पाय पायदानावर, दुसऱ्याची टाच 'टिकाऊ'वर.

परक्या पुरुषाच्या गाडीवर रोज जाणाऱ्या बाईविषयी लोक काहीबाही बोलतात. आमच्याविषयी कोणी अवाक्षर काढलं नाही. ज्या बाईला प्लॅस्टिक दाबायला नेतात, तिच्याविषयी बोलणार तरी काय?

बाकी सर इतके व्यवस्थित की बघणाऱ्याला राग यावा. खडू संपला की उरलेला तुकडा डबीत. वर्गातल्या बाकांचे खिळे स्वतः ठोकणार. आणि कव्हरविषयी तर त्यांना इतकं ठाऊक होतं की त्या ज्ञानावर एखादा कारखाना चालला असता. "रबर कडक झालं की खुंटी धरत नाही, मॅडम. खुंटी तिरपी घातली की रबर फाटते. आधी साबणाचं पाणी लावायचं, सरळ धरायचं, मग तळहातानं दाबायचं. टक् आवाज आला पाहिजे." हे मी शंभरदा ऐकलं. तो टक् मात्र कधी ऐकला नाही, कारण बादलीच्या तुकड्याला खुंट्याच नव्हत्या.

साहजिकच ते पडायचं. एकदा वाटेतल्या नागऱ्याच्या बाजूला पडलं आणि शाळेत पोचल्यावर लक्षात आलं. मधल्या सुटीत आम्ही शोधत परत गेलो, तर रस्त्याच्या कडेला एक म्हातारी त्याच्यावर भाजीच्या जुड्या मांडून बसली होती.

"आजी, ते आमच्या गाडीचं हाये," सर म्हणाले.

म्हातारीने गाडीकडे पाहिलं, मग त्या तुकड्याकडे, मग माझ्याकडे. "हे? गाडीचं? बाप्पा!" आणि असं हसली की जुड्या घरंगळल्या. तिने ते दिलं, पण वर मला म्हणाली, "बाई, तुह्या मालकाले सांग, नवी गाडी घे म्हना." ते माझे मालक नाहीत हे सांगायच्या भानगडीत मी पडले नाही.

मेकॅनिकचीही तीच गत. तो बिचारा दरवेळी हिंदीत विनवायचा, "सर, नया डाल देता हूँ ना. दस मिनट का काम है." सर म्हणायचे, "नको, चालून राहिलं." मग मेकॅनिक माझ्या टाचेकडे असा बघायचा की मलाच माझी दया यायची.

एकदा मी सरळ भांडलेच. "सर, तुमचा मोबाइल नवा, घरचा पंखा नवा, गाडीचे टायर नवे. या एका कव्हरलाच काय रोग झाला?"

"एसटीत सीटवर रुमाल टाकतो ना आपण?" सर म्हणाले. "तसं हे. जागा धरून ठेवली, मॅडम."

"कोणासाठी?"

तेवढ्यात फाटा आला. सर ओरडले, "मॅडम, कव्हर हाये का?" आणि मी ओरडले, "हाये!" फाट्याला लागून धानाचं शेत होतं. बांधावर एक माणूस कमरेला दुपट्टा बांधून काम करत असायचा. तो कधी वर बघायचा नाही आणि सरही कधी तिकडे बघायचे नाहीत. माझं डोकं तेव्हा काय चरायला गेलं होतं कोण जाणे.

सरांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले, तेव्हा माझ्या मनाने घेतलं की या माणसाला काहीतरी द्यावं. शाल-श्रीफळ सगळेच देतात. मी गोंदियाहून अस्सल साइड कव्हर मागवलं. काळंभोर, चकचकीत, तीन खुंट्यांचं, रबरासकट. सर परीक्षेच्या वर्गावर होते. मेकॅनिकला शाळेतच बोलावलं. त्याने 'टिकाऊ' काढून माझ्या हातात दिलं आणि देवाला हात जोडावेत तसे जोडले. मग साबणाचं पाणी, सरळ धरणं, तळहात. टक्, टक्, टक्. खरं सांगते, मला रडूच आलं. म्हटलं, सुटली माझी टाच.

सर वर्गावरून आले. गाडीपाशी थांबले. कव्हरवरून हात फिरवला.

"छान बसलं," एवढंच म्हणाले.

परतीच्या वाटेवर फाट्याच्या बरंच अलीकडे त्यांनी गाडी थांबवली आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच सांगितलं. वडिलांनी ही गाडी घेतली तेव्हा दोन मुलांची नावं दोन कव्हरांवर लिहून घेतली होती. उजवीकडे थोरल्याचं, डावीकडे धाकट्याचं. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या. शेत, बैल, भांडी, सगळं सुरळीत झालं. नोकरीवर जायला लागते म्हणून पंचांनी गाडी थोरल्याला दिली, आणि तिथे धाकटा बिथरला. 'गाडी तुझी झाली तर माझं नाव कायले फिरवतो?' म्हणाला आणि डावं कव्हर उपटून घरात घेऊन गेला. तेव्हापासून दोघं भाऊ बोलत नव्हते. सर कुडव्याला राहायला आले. फाट्यावरचं शेत धाकट्याचं होतं.

"मग तुम्ही ते रोज ओरडायचे, ते..."

"त्याले ऐकू जावं म्हणून," सर म्हणाले. "जागा अजून खाली हाये, लावलेलं कामचलाऊ हाये, एवढं त्याले माहीत असावं. दुसरं पक्कं बसवलं असतं तर त्यानं कुठं आनून लावलं असतं?"

मला गाडीवरून उतरून चालत घरी जावंसं वाटलं. नऊ वर्षं मी ज्याला प्लॅस्टिक दाबणं समजत होते तो निरोप होता आणि मी त्याची अर्धी बाजू रोज ओरडत होते. आणि आता दोन महिने उरलेले असताना मीच त्या जागेवर नवंकोरं कव्हर ठोकून बसले. त्यानंतर सरांना या रस्त्याने यायचं कारणच उरणार नव्हतं. "काढून टाका सर, आत्ता काढा," मी म्हटलं.

"काढलं तर तुमचा अपमान. ठेवलं तर त्याचा." ते हसले, पण ते हसू मला बघवलं नाही. "राहू द्या मॅडम. तुम्ही प्रेमानं लावलं. दहा-बारा वर्षांत तो काही आला नाही, आता काय येतो?"

दुसऱ्या दिवशी फाट्यावर सरांनी काही विचारलं नाही. कव्हर पक्कं होतं, विचारायचं काय? मी सांगायला तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं. बांधावरच्या माणसाने पहिल्यांदा वर पाहिलं. कमरेवर हात ठेवून तो सरळ उभा राहिला आणि गाडी लांब जाईपर्यंत बघत राहिला. त्याच्या पुढच्या दिवशी तो बांधावर नव्हताच. मला दोन घास गेले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुटीत शाळेच्या फाटकातून आरडाओरडा ऐकू आला.

"काऊन दादा? मी मेलो का?"

तोच माणूस. काखेत दुपट्ट्यात बांधलेलं काहीतरी. सगळे मास्तर डबे बंद करून बाहेर आले. सर आंब्याच्या झाडाखाली हात धूत होते, ते तसेच ओल्या हातांनी उभे राहिले.

"माझ्या नावाच्या जागी कोरं लावलं? कोनं लावलं हे?"

"मी," मी म्हटलं.

"तुम्ही कोन?"

"मी? नऊ वर्षं तुमची जागा टाचेने दाबून बसलेली बाई," मी म्हटलं. माझाही पारा चढला होता. "इतकं नाव प्यारं होतं तर आधी का नाही आलात? कोरं लागेपर्यंत वाट बघितलीत?"

तो माझ्याकडे न बघता गाडीपाशी खाली बसला आणि नवं कव्हर दोन्ही हातांनी खेचून काढलं. दुपट्टा सोडला. आतलं कव्हर बघून मी चाटच पडले. त्याच्यावर धुळीचा कण नव्हता. नावाची अक्षरं काल लिहिल्यासारखी होती. तिन्ही खुंट्यांना तेलाचा हात फिरवलेला. वर्षानुवर्षं घरात ठेवलेल्या कव्हराला तेल कशाला लागतं, हे त्याला विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

तो घाईने खुंटी भोकात घालायला लागला.

"तिरपी नको घालू," सर म्हणाले. इतक्या वर्षांत भावाशी बोललेलं पहिलं वाक्य. "रबर फाटते. साबण लाव आधी."

"माहीत हाये मले."

"माहीत असतं तर घातली असती का तिरपी?"

सर त्याच्याशेजारी उकिडवे बसले. हाताला धुण्याचा साबण लागलेलाच होता, तो त्यांनी खुंटीला चोळला. एकाने सरळ धरलं, दुसऱ्याने तळहाताने दाबलं. टक्, टक्, टक्. मग दोघंही उठेनात. गाडीकडे तोंड करून तसेच बसून राहिले, आणि आम्ही सगळे मास्तर एकेक करून आत जाऊन रिकामे डबे पुन्हा उघडून बसलो.

त्यानंतरचे दोन महिने माझी टाच बेकार होती. सर म्हणायचे, "आता आरामात बसा मॅडम." मला काही आरामात बसता यायचं नाही, पाय आपोआप तिथेच जायचा. फाट्यावर गाडी थांबायची. धाकटा बांधावरून यायचा, काही कारण नसताना कव्हर हलवून बघायचा आणि म्हणायचा, "हाये." माझं तेवढंही काम गेलं होतं.

गेल्या थंडीत सर वारले. सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसले होते, कप खाली ठेवायलाही वेळ मिळाला नाही. महिनाभराने एका रविवारी मी वहिनींना, म्हणजे सरांच्या पत्नीला, भेटायला गेले. अंगणात गाडी उभी होती आणि डाव्या बाजूला कव्हर नव्हतं. तीन रिकामी भोकं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "वहिनी, नेलंच ना शेवटी त्यानं? भावाला जाऊन जेमतेम महिना झाला!"

"बसा ना तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "येतेच तो आता."

आणि खरंच आला. सायकलवरून, काखेत दुपट्ट्याचं गाठोडं. मला नमस्कार केला, वहिनींच्या बादलीतून साबणाचं पाणी घेतलं आणि कव्हर बसवलं. किक मारून गाडी थोडा वेळ सुरू ठेवली. मग चहा झाला. वहिनींना दळण आणून दिलं, गोळ्या संपल्या का विचारलं, धानाचं सांगितलं. तास-दीड तासाने उठला, कव्हर काढलं, पुसलं आणि पुन्हा दुपट्ट्यात बांधायला लागला.

मला राहवलं नाही. "अहो, राहू द्या ना इथेच. कायले नेता?"

"राहू दिलं तर मी येईन का, मॅडम?" तो गाठ मारत म्हणाला. "मी मले चांगला ओळखतो. मागच्या वेळी नेलं अन् दहा-बारा वर्षं आनलंच नाही. आता दर आठवड्याले नेतो, म्हणजे दर आठवड्याले आनावं लागते."

त्याने सायकल फाटकाबाहेर काढली. मी रिकाम्या भोकांकडे बघत बसले होते. वहिनी पायरीवर येऊन उभ्या राहिल्या आणि सर विचारायचे तश्शाच मोठ्याने म्हणाल्या, "भाऊजी, कव्हर हाये का?"

त्याने मागे वळून बघायच्या आत माझ्याच तोंडून निघालं, "हाये!"