सिस्टरबाई आणि शाळेमागचं मैदान

सिस्टरबाई भेटल्या की आधी माणसाच्या तोंडाकडे पाहायच्या नाहीत, पायाकडे पाहायच्या. लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, भाजीच्या हातगाडीपाशी, कुठंही. पाय सुजलेला दिसला की खाली वाकून घोट्याच्या वर अंगठा दाबायच्या आणि उमटलेला खड्डा भरायला किती वेळ लागतो ते पाहत राहायच्या. समोरची बाई लाजून चूर व्हायची. "लाजतं काहून? पाय सुजला तुहा, नाक नाही कापलं कोनं," असं म्हणून त्या पुढच्या पायाकडे वळायच्या.

सरकारी उपकेंद्रात नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. राळेगाव, मुकुटबन, अशा बदल्या होत होत शेवटी त्या आमच्या तालुक्याच्या गावी आल्या आणि इथंच निवृत्त झाल्या. मूळच्या बंजारा समाजातल्या. त्यांचा तांडा गावापासून चारेक किलोमीटरवर. तांड्यातली माणसं त्यांना 'याडी' म्हणत, म्हणजे आई. गावात त्या सगळ्यांच्या सिस्टरबाई. माझ्या दोन्ही मुलांना लसी त्यांनीच टोचलेल्या. मी नगरपंचायतीत बाबू. आलेला अर्ज घ्यायचा, शिक्का मारायचा, साहेबांच्या टेबलावर ठेवायचा आणि साहेबांनी सांगितलेली पत्रं टाइप करायची, एवढंच माझं काम.

निवृत्तीनंतर त्यांच्या ओट्यावर दुपारी बाया बीपी मोजून घ्यायला जमत. पन्नाशीतल्या, साठीतल्या. कुणाला शुगर, कुणाचे गुडघे गेलेले. सिस्टरबाईंचं औषध एकच, "चाल." एकदा ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या बायकोनं, शबानाभाभीनं, त्यांना तोंडावर विचारलं, "सिस्टर, चालू कुठं ते बी सांगा. रोडनं ट्रक, पानठेल्यावर पोट्टे, अन् मैदानात डुकरं." सिस्टरबाईंनी बीपीचा पट्टा डब्यात ठेवला आणि कागद-पेन काढलं.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्यासमोर अर्ज घेऊन उभ्या. अर्ज चार ओळींचा. शाळेमागचं मैदान साफ करा. दिवे लावा. बायांसाठी संडास बांधा. सकाळचे दोन तास फक्त बायांसाठी ठेवा. मी शिक्का मारला. त्यांनी ऑफिसच्या जिन्याकडे, तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकून लाल झालेल्या कोपऱ्यांकडे पाहिलं आणि पदर नाकाला लावला. "बाबू, तुमी रोज अठी बसता? जेवता बी अठीच?" मी हसलो. त्या कोपऱ्यात मीही थुंकत होतो.

असे अर्ज त्यांनी बरेच दिले. मग एका योजनेतून व्यायामाची मशीनं मंजूर झाली आणि जागा ठरली शाळेमागचं तेच मैदान. मैदान म्हणजे काय होतं ते सांगतो. कोंबडीची पिसं, आतडी, हॉटेलातलं आंबलेलं अन्न, लहान मुलांचे वापरलेले डायपर, दारूच्या फुटक्या बाटल्या आणि या सगळ्यात लोळणारी डुकरं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी वरून मुरूम पसरला, फिनाईल मारलं आणि हिरवं कार्पेट अंथरलं. 'निरोगी शहर, सुंदर शहर' असं बॅनर लागलं. नगराध्यक्ष पांढऱ्याशुभ्र कपड्यांत एका मशीनवर चढले, दोन झोके घेतले, फोटो झाला, उतरले. टाळ्या वाजत असतानाच सिस्टरबाई पुढं आल्या आणि वाकून कार्पेटचा कोपरा उचलला. मुरूम बाजूला सरला. भपकन वास आला. खाली एक मेलेलं कुत्र्याचं पिल्लू होतं.

"साहेब, हे तुमचं निरोगी शहर," त्या म्हणाल्या. "मशीन कोनं मांगतलं होतं? म्या झाडू मांगतला होता."

पुढारी हसले. ऑफिसातले हसले. मीही हसलो. पिल्लाची घाण कमी होती, आमच्या हसण्याची जास्त.

मग सिस्टरबाईंनी मागणं सोडलं. शबानाभाभी आणि आणखी सात-आठ बाया घेऊन त्या पहाटे मैदानावर जाऊ लागल्या. घमेली, फावडी, तोंडाला फडकी. चार दिवसांत कोपरा साफ व्हायचा, पाचव्या दिवशी पुन्हा ढीग. बायांना वाटायचं, गावातले लोक टाकतात. त्या कोंबडीवाल्याशी भांडल्या, हॉटेलवाल्याशी भांडल्या. एके दिवशी उजाडण्याच्या आधीच जाऊन बसल्या, तेव्हा कळलं. कचरा टाकत होता नगरपंचायतीचाच ट्रॅक्टर.

ड्रायव्हरनं खिशातून आदेशाच्या कागदाची घडी काढून दाखवली. कचरा डेपोचा रस्ता खराब असल्यामुळे 'कचरा तूर्त शाळेमागील मोकळ्या जागेत टाकण्यात यावा.' खाली साहेबांची सही. टाइप केला होता मी. तो 'तूर्त' चार वर्षं चालू होता. बाया ज्या महिन्यात घमेल्यानं घाण उपसत होत्या, त्या महिन्यात मी रोज त्यांना नमस्कार करून ऑफिसला जात होतो, आणि मला सगळं माहीत होतं.

सिस्टरबाई तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या.

"हे तू लिवलं?"

"साहेबांनी सांगितलं सिस्टर. मी फक्त टाइप करतो."

"तुह्या पोट्ट्याले ताप भरला होता तं म्या रात्रभर पट्ट्या ठेवल्या. मले बी कोनं सांगतलं नव्हतं." त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि बोटं पदराला पुसली. कागदाला हात लागला म्हणून पुसली, की माझ्या टेबलाला, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या पहाटे ट्रॅक्टर आला तेव्हा मैदानाच्या फाटकात तीस-पस्तीस बाया बसलेल्या होत्या. तांड्यावरच्या आल्या होत्या, मोमीनपुऱ्यातल्या बुरखा घेतलेल्या आल्या होत्या, शाळेतल्या दोन मास्तरणी होत्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. कुणी उठलं नाही. तो परत गेला. आठ दिवस तो येत होता आणि परत जात होता. नवव्या दिवशी डेपोच्या रस्त्यावर मुरूम पडला. चार वर्षं जे होत नव्हतं ते दोन दुपारींत झालं. इतकं सोपं होतं ते. मला किळस आली ती या सोपेपणाची.

पुढच्या दोन महिन्यांत जेसीबीनं मैदान साफ झालं, दिवे लागले, कडेनं चालायला गोल रस्ता झाला. पण त्याच्या आधीच, घाण उपसताना, सिस्टरबाईंच्या टाचेत बाटलीची काच गेली होती. त्यांना स्वतःला शुगर होती, वर्षानुवर्षांची. दुसऱ्यांचे पाय पाहणाऱ्या बाईनं स्वतःच्या पायाकडे आठ दिवस पाहिलं नाही. जखम काळी पडली. यवतमाळला नेलं तेव्हा उशीर झाला होता. पाऊल कापावं लागलं.

त्या घरी आल्यावर नगरपंचायतीनं त्यांचा सत्कार ठेवला. मैदानावरच मांडव. त्यांना खुर्चीवर बसवून आणलं. नगराध्यक्ष शाल घेऊन पुढं झाले तेव्हा त्यांनी शाल हातानं थांबवली आणि माइक मागितला.

"संडास राह्यला," त्या म्हणाल्या. "बाया तासभर चालते. साठीच्या बाईले तासभर लघवी धरवत नाही. म्हून अर्ध्या जनी घरीच राह्यते. शाल कायले देता? संडास बांधा."

मांडवातले पुरुष मोबाइलमध्ये पाहू लागले. जणू बाई काही अचकटविचकट बोलली होती.

मी एकदाच त्यांच्या घरी गेलो. त्या खाटेवर होत्या, पायावर चादर. मी स्टूल ओढून खाटेजवळ बसलो. त्यांनीच माझा दंड ओढला, बीपीचा पट्टा गुंडाळला, पंप दाबला.

"लय वाढलं हाय. गोळी घेतं काय?"

"घेतो. सिस्टर, मला माफ करा."

त्यांनी पट्टा सोडला, नीट घडी करून डब्यात ठेवला. "नाही करत," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. एखाद्याला वजन सांगावं तसं सांगितलं. "माफ केलं का तुले हलकं वाटन. तुले हलकं नाही वाटलं पाह्यजे. जड वाटू दे. तवा पुढचा कागद टाइप करायच्या आंधी हात थांबन तुहा."

त्यानंतर माझे हात दोनदा थांबले. एकदा संडासाच्या जागेवर दुकानगाळे काढायचा ठराव आला तेव्हा. मी टाइप करणार नाही म्हणालो. साहेबांनी दुसऱ्याकडून करून घेतला, पण तोवर मी शबानाभाभीला सांगितलं होतं आणि बाया पुन्हा फाटकात बसल्या होत्या. गाळे झाले नाहीत. संडास झाला, वर्षभरानं. दुसरी वेळ सांगण्यासारखी नाही, कारण तेव्हा हात थांबून पुन्हा चालू झाले.

संडास झाला तो सिस्टरबाईंनी पाहिला नाही. होळीच्या आधी त्या गेल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे तांड्यावर न्यायचं ठरलं. नगराध्यक्ष गाडीतून आले, पार्थिवाजवळ हात जोडून फोटो काढून घेतला आणि काच वर करून गाडीतूनच पुढं गेले. बायांनी मात्र गाडी नको म्हटलं. आमच्याकडे बाया स्मशानात जात नाहीत, पण त्या दिवशी कुणाची अडवायची छाती झाली नाही. शे-सव्वाशे बाया चार किलोमीटर चालत निघाल्या. मीही निघालो.

ऊन चढलं होतं. दुसऱ्या किलोमीटरला माझा दम उखडला. घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढं काजवे. मी एका बाभळीला हात टेकून उभा राहिलो आणि बाया माझ्या बाजूनं पुढं जात राहिल्या. साठीच्या, पासष्टीच्या, कधीकाळी गुडघे धरून ओट्यावर बसणाऱ्या. एकसारखा पाय पडत होता. एकही धापा टाकत नव्हती. शबानाभाभी माझ्यापाशी क्षणभर थांबली.

"बाबूजी, तुमी सावलीत बसा," ती म्हणाली. "तुमच्यानं होनार नाही."

आणि ती पुढं चालत गेली.