लोकरीला विटाळ नसतो

माझे थोरले दीर गोपाळकृष्ण, म्हणजे गल्लीचे तात्या. त्यांच्याविषयी कोणी चांगलं बोलायला लागलं की मला त्यांच्या गालिच्याचा वास येतो. इतकी वर्षं झाली, तरी नाकातून जात नाही मेला.

तात्या सांगलीच्या कोर्टात बेलिफ होते. नोकरी संपली तरी जप्तीची नजर काही गेली नाही. कोणाच्या घरी गेले की आधी भांडीकुंडी बघायचे, मग माणसं. कुठल्याशा संस्थानिकाच्या वाड्यातलं सामान विकायला निघालं, तेव्हा त्यांनी हा तांबडाभडक लोकरी गालिचा उचलला. माजघर भरेल एवढा मोठा. पाहुणे आले की अंथरायचा, उठले की गुंडाळायचा. घरच्यांनी त्यावर पाऊल ठेवायचं नाही. माझी जाऊ, उमावहिनी, जन्मभर त्याच्या कडेला तरटावर बसल्या. यावर राजे बसलेत, असं तात्या येईल त्याला सांगायचे. बसले असतील. पान खाऊन पिचकाऱ्याही मारल्या असतील, गालिच्याचा रंग बघता.

उमावहिनी वडूजच्या. कोरड्या माळावर वाढलेली मुलगी नदीकाठच्या या ओलसर घरात दिली आणि तिला दमा जडला. मूलबाळ झालं नाही. पावसाळा लागला की त्या उशांच्या चळतीला टेकून बसूनच झोपायच्या. ओल आणि कुबट वास यांपासून जपा, नाहीतर एखाद्या वेळी श्वास परत यायचा नाही, असं डॉक्टरांनी तात्यांना समोर बसवून सांगितलं होतं. तात्यांनी मान डोलावली. तेवढंच.

खाली ते दोघं राहायचे, माडीवर मी. आमचे हे कोयनानगरला नोकरीला, सुट्टीपुरते यायचे. त्यामुळे पुढचं सगळं निस्तरायला आम्ही दोघी बायकाच होतो.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि त्यानंतरच्या एका श्रावणात नदी आमच्या गल्लीत शिरली. आम्ही दोघींनी धान्य, गाद्या, देव, सगळं माडीवर नेलं. वहिनी दर खेपेला जिन्यात थांबून धापा टाकत होत्या. तात्या गालिच्यापाशी उभे. गुंडाळलेला गालिचा जिन्याच्या वळणावर वळेना. मी म्हटलं, घडी घालू. तर म्हणाले, मोड पडेल. शेवटी त्यांनी तो पलंगावर ठेवला आणि पलंगापर्यंत पाणी येत नाही असा निकाल दिला. पाण्याने काही कोर्टाची नोकरी केली नव्हती. ते पलंगावरून गेलं.

पाणी ओसरल्यावर खाली उतरलो आणि मला उलटीच झाली. तेव्हा आमच्या गल्लीत टोपलीचे संडास. त्या सगळ्या टोपल्या पाण्याने धुवून नेल्या होत्या आणि गाळात मिसळून आमच्या माजघरात आणून ठेवल्या होत्या. फरशीवर घोट्याएवढा चिकट, काळपट चिखल. कोपऱ्यात मेलेली घूस. आणि ते सगळं पिऊन गालिचा म्हशीसारखा फुगून बसला होता. बोट लावलं की त्यातून तांबडं-काळं पाणी पाझरायचं.

आम्ही घमेल्यांनी गाळ काढला, फिनेल ओतलं, भिंती खरवडल्या. मी गालिच्याला हात घातला तेव्हा तात्यांनी अडवलं. टाकायचा नाही म्हणाले. मी आतून पेटलेच होते. त्यात काय काय भिनलंय ते मी सोवळंओवळं न बघता, स्पष्ट शब्दांत सांगितलं.

तात्या शांतपणे म्हणाले, "पद्मा, लोकरीला विटाळ नसतो."

धाबळी नेसून पूजा करायची, लोकर सोवळ्यात चालते, हे आमच्या घरात लहानपणापासून सगळ्यांना ठाऊक. हाच माणूस चार दिवस बाजूला बसलेल्या बायकोच्या हातचं पाणी पीत नसे. तिची सावली पडली तर पुन्हा अंघोळ करी. आणि आता अख्ख्या गल्लीची घाण प्यालेली ही ब्याद सोवळ्यात! मला त्या क्षणी त्यांच्या शेंडीची, जानव्याची, सगळ्याचीच किळस आली.

गालिचा माजघरातच दोन दांड्यांवर वाळत टाकला. बाहेर टाकला तर लोक नजर लावतील म्हणे. पाऊस थांबेना, तो वाळेना. खाली ठेवलेल्या परातीत पाणी ठिबकत राही. मग तो वास सुरू झाला. आधी ओल्या कुत्र्यासारखा, मग नासक्या दुधासारखा, पुढे त्याला नाव देता येईना. कडांवर हिरवट बुरशी आली. एका बाजूला छत्र्या उगवल्या. झटकला तर अळ्या पडायच्या. तात्या त्यावर गुलाबपाणी शिंपडायचे आणि समोर पाट मांडून जेवायचे. खुशाल भात कालवायचे.

वहिनींचा श्वास रोज थोडा थोडा कमी होत होता. छातीतली शिट्टी मला माडीवर ऐकू यायची. मी त्यांना वर झोपायला नेलं, तर तात्या जिन्याखालून हाका मारायचे, चहा कुठे आहे, टॉवेल कुठे आहे. त्या परत उतरायच्या. मी त्यांच्यावर सुद्धा चिडले. सोन्याची सुरी असली म्हणून उरात खुपसून घ्यायची का, असं विचारलं.

एके सकाळी तात्या देवळात गेलेले बघून वहिनींनी केरबा हमालाला हातगाडी घेऊन बोलावलं. आम्ही तिघांनी नाकाला पदर आणि पटका बांधून तो चिखलगोळा गाडीवर लोटला. घाटावर नदी अजून गढूळ, भरलेली. वहिनींनी पिशवीतून खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू काढलं आणि गालिच्यासकट कृष्णामाईची ओटी भरली. मला तेव्हा कळलं बाईचं डोकं. ओटीत घातलेलं परत मागता येत नाही. तात्यांच्या शास्त्राला त्यांनी शास्त्रानेच उत्तर शोधलं होतं. पाण्यात लोटल्यावर तो थोडा वेळ तरंगला आणि वळणाआड गेला. वहिनी घाटाच्या पायरीवर बसून कितीतरी वेळ नुसत्या श्वास घेत राहिल्या.

तात्या परतल्यावर वहिनींनी गालिचा कृष्णामाईच्या ओटीत घातल्याचं सांगितलं, तेव्हापासून ते रिकाम्या दांड्यांभोवती घिरट्या घालत होते. दुपारी केरबा दारात आला. बिचाऱ्याला वाटलं, चांगली बातमी आणलीय.

"आवं तात्या, तुमचा गालिचा खालच्या अंगाला बाभळीत अडाकलाय. माणसं जमल्यात बगायला."

पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः न उचलणारे तात्या धोतर खोचून धावले. कमरेएवढ्या चिखलात उतरले. दिवेलागणीच्या आत गालिचा केरबाच्याच गाडीवरून पुन्हा माजघरात. काटे, शेवाळ आणि एक फुगलेला बेडूक सोबत. मी म्हटलं, ओटीतलं परत आणलंत? तर चेहऱ्यावर केवढं समाधान. कृष्णामाईने प्रसाद म्हणून परत दिला म्हणाले, आणि त्याच चिखलाच्या हातांनी गालिच्याला नमस्कार केला. ज्याला सगळ्यावर शास्त्र सापडतं, त्याला लाज कुठून सापडणार?

वहिनींनी तव्यावरची पोळी उतरवली. चूल विझवली. एका पिशवीत दोन लुगडी भरली आणि बाहेर आल्या.

"प्रसाद आहे ना," धाप आवरत त्या म्हणाल्या, "मग आता तो तुम्हीच घ्या. मला श्वास घ्यायचाय."

त्याच संध्याकाळी त्या वडूजला, भावाकडे गेल्या. एसटीत बसवून द्यायला मी गेले होते. तात्या नाही आले. ते गालिच्यातले काटे काढत होते.

पाऊस उघडेपर्यंत तात्यांना मी जेवायला वाढत होते, तेही उंबऱ्याबाहेरून ताट सरकवून. लोक विचारायचे, वहिनी कधी येणार. तात्या म्हणायचे, येईल. मग एका दिवशी लख्ख ऊन पडलं आणि तेच जिन्याखाली येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. क्षणभर मलाही कीव आली.

"पद्मा," ते म्हणाले, "तिला बोलावून घे आता."

मी विचारलं, करमत नाही का?

"ऊन पडलंय ना," ते म्हणाले. "गालिचा बाहेर न्यायचा, तर दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं."

मी खाली गेले, नाक दाबून त्या माजघरातून चालत आतल्या खोलीत शिरले, आणि वहिनींचं राहिलेलं एकूण एक सामान बांधून वडूजच्या एसटीत चढवलं.