मालगुंडचा गालिचा आणि माझं उघडलेलं तोंड

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच कोणी हसलं की माझी गाडी बंद पडते. तशी मला बोलायची सवयच कमी. शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की मी भिंतीकडे बघायचो. नववीत बाई कंटाळल्या, मग मीही कंटाळलो.

तेव्हापासून मी रत्नागिरीत नानांच्या दुकानात पडदे शिवतो. गिऱ्हाइकाच्या घरी लावायला मात्र नाना स्वतः जायचे. "तुला पाठवून काय करू? गिऱ्हाईक काय खांबाशी बोलणार?"

पण या मे महिन्यात नानांचा गुडघा सुजला आणि मालगुंडचं काम माझ्याकडे आलं. एकट्याकडे! नाना म्हणाले, "नीट केलंस तर यापुढे बाहेरची कामं तुझी. तक्रार आली तर बस जन्मभर मशीनवर."

घर बोटीवरच्या इंजिनियरसाहेबांचं. साहेब दोन दिवसांत यायचे होते. घरात त्यांच्या बायको, म्हणजे सुमनकाकू, आणि साहेबांच्या आई. आजींच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा विचारून चिरायचा. काकू बाजाराला गेल्या. आजी मागच्या पडवीत फणस फोडत बसल्या. हॉलमध्ये मी, माझं स्टूल आणि खाली साहेबांनी परदेशातून आणलेला पांढराशुभ्र गालिचा. त्यावर पाय ठेवण्याआधी मी तीन वेळा पाय पुसले. खरं सांगतो.

आणि माझ्या कोपरानं खिडकीतली बाटली पाडली.

हिरवी काळपट बाटली. वर इंग्रजी अक्षरं, खाली द्राक्षांचा घड. इंग्रजी मला येत नाही, पण द्राक्षं कळतात. वाइन! आणि ती लालभडक वाइन गालिच्यावर घळघळ घळघळ वाहतेय. मला माझं मशीन दिसायला लागलं.

मोबाईल काढला. गालिच्यावरची वाइन कशी काढायची, याचा एक व्हिडिओ सापडला. त्यातली बाई हसत म्हणाली, "मुळीच घाबरू नका!" तिचं काय जातंय? डाग चोळू नका, फडक्यानं टिपा, मीठ पसरा. मी माझा रुमाल टिपण्यात घालवला आणि पडवीत गेलो.

"आजी, मीठ आहे?"

"कशाला रे?"

काय सांगणार? माळकरी बाईला वाइन म्हणून सांगू? मी भिंतीकडे बघितलं.

"कैरी खातोयस वाटतं! घे, घे."

मीठ टाकलं. काही होईना. बाई म्हणाली, आता खायचा सोडा.

"आजी, सोडा आहे का खायचा?"

आजींनी विळीवरून मान वर केली. "पोटात गुबारा धरलाय होय? तरी म्हटलं, उपाशीपोटी कैरी!"

सोडा टाकला आणि काय सांगू, डाग फसफसला! फेस आला. फेस बसला तर लाल डाग निळा झालेला. लाल होता तेव्हा बरा होता हो! मी त्याच्यावर आणलेला नवा पडदा अंथरला आणि व्हिडिओ पुढे नेला. आता व्हिनेगर म्हणे. ते या घरात कुठलं?

"आजी... एक लिंबू?"

"म्हणजे उमासे पण येतायत!" आजी उठल्याच. "मेल्या, बोलत का नाहीस? घामानं निथळतोयस की!" त्यांनी मला पडवीत आडवा केला, तोंडात मूठभर ओवा कोंबला, पोटाला हिंग फासला आणि रिक्षावाल्याला फोन करायला निघाल्या. फोन हॉलमध्ये!

नेमक्या तेव्हाच काकू मागच्या दारात. "आई, काय झालं याला?"

"अगो, परक्याचा पोर! दवाखान्यात नेऊया, काही झालं तर?"

मला ते बघवेना. माझ्यासाठी एवढी धावपळ, आणि मी खोटा आजारी. आयुष्यात पहिल्यांदा मी न विचारता, मोठ्यानं बोललो.

"मला काही झालेलं नाही! तुमच्या दारूची बाटली माझ्या हातून सांडली!"

आजी अर्ध्या वाटेवरून वळल्या.

"आमच्या घरात? दारू?" आजींनी माळ हातात धरली.

काकूंनी हॉलमध्ये जाऊन पडदा उचलला, बोट टेकवलं आणि जिभेला लावलं. "अरे मेल्या, हे आगळ आहे! परवाच मीठ घालून कोकमाचा रस काढला, बाटलीत भरून उन्हाला ठेवला!"

आता मला सांगा, कोकणात जन्मलो, रोज सोलकढी पितो, आमचंही आगळ रमच्या बाटलीत असतं. इथे चांगली बाटली टाकतं कोण? पण वरची द्राक्षं बघितली आणि माझं नाकच बंद झालं! आगळात मुळातच मीठ, त्यावर मी आणखी किलोभर मीठ ओतलं होतं.

काकू हसायला लागल्या. मीही सुटलो म्हणून हसलो. आजी मात्र हसत नव्हत्या.

"आगळ तर आगळ. पण सुमन, आधी ही बाटली रिकामी कोणी केली?"

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, यांना मदत करायला हवी.

"आजी, बोटीवर सगळेच घेतात हो," मी म्हणालो.

त्यानंतर त्या घरात काय झालं, मला माहीत नाही. मी उरलेला पडदा लावला, डागलेला धुवायला पिशवीत घातला आणि निघालो.

चार दिवसांनी दुकानात साहेबांचा फोन आला. नाना नुसतं "हो साहेब, हो साहेब" करत होते. माझी सुई मोडली.

"गालिच्याबद्दल होता?" मी विचारलं.

"गालिच्याची काही तक्रार नाही. डागावर टीपॉय ठेवलाय म्हणे. पडदेही आवडले."

"मग?"

नानांनी गुडघा चोळला. "म्हणाले, पुढच्या वेळी दुसरा कोणीतरी पाठवा. हा पोरगा फार बोलतो."

यावर मला पुष्कळ बोलायचं होतं. पण मी भिंतीकडे बघितलं आणि मशीनमध्ये नवीन सुई घातली.