देव्हाऱ्याचा दिवा आणि टेंपरेचरचा काटा

मार्कंड्याच्या महादेवाला मी नवस बोलले होते: आमची जीप वर्षभर सुखरूप चालू दे, गाडीत तुझा देव्हारा बसवीन आणि गाडी सुरू असेतो त्याचा दिवा मालवणार नाही. वर्ष नीट सरलं, देव्हारा बसला आणि किस्से सुरू झाले. गोंडपिपरीच्या जीप स्टँडवर ते तसेही साचतच असतात. सकाळी कुणाचा टायर पंक्चर झाला, तर संध्याकाळपर्यंत त्याच्या चार तऱ्हा ऐकायला मिळतात. हे मात्र माझ्या घरचेच.

* * *

देव्हारा बसवला रामटेकेभाऊंनी, स्टँडजवळ गाड्यांचं वायरिंग करतात ते. पितळी घुमटी, पिवळ्या बल्बांची माळ, शिवाय आरतीचा छोटा स्पीकर. ते बौद्ध, म्हणून मी जरा संकोचानेच विचारलं, की भाऊ, तुम्हाला चालेल ना?

स्क्रू पिळता पिळता म्हणाले, "बाई, मी देव नाई मानत. पण वायर मानतो."

* * *

दुसऱ्या सकाळी आमचे हे आष्टीच्या फेरीला निघाले आणि गाव सुटायच्या आत टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात! यांनी गाडी थांबवून बॉनेट उघडलं. रेडिएटरमध्ये पाणी काठोकाठ. गाडीत एक गुरुजी होते, ते उतरले आणि त्यांनी इंजिनला हात लावून पाहिला.

"माठावाणी थंड हाये," म्हणाले, आणि पुन्हा आपल्या सीटवर जाऊन बसले.

* * *

मला हसू येईना. लेक सुषमा बाळंतपणाला आली होती. नाव चंद्रपूरच्या दवाखान्यात घातलेलं आणि तिला न्यायचं याच गाडीतून. काटा खोटा बोलतोय की इंजिन खरंच तापतंय, हे कळायलाच हवं होतं.

स्टँडवर जो तो वैद्य. एकाच्या सांगण्यावरून थर्मोस्टॅट बदलला, दुसऱ्याच्या सांगण्यावरून सेन्सर. काटा तसाच. शेवटी आष्टीच्या एका म्हाताऱ्या आजींनी निकाल दिला, "महादेवाच्या बाजूले बसला हाये तो. तापन नाई त काय करन?"

तेव्हापासून काही बायका चढताना देव्हाऱ्याला हात जोडत आणि लगेच काट्यालाही.

* * *

मग एक दिवस मीच पुढे बसून काट्यावर नजर ठेवली. आरती लागली, ढोलकी घुमली, की काटा डुलायचा. आरती संपली, की एका जागी उभा. यांना तर कौतुकच. मला मात्र प्रश्न पडला, ताप असा तालावर चढतो का?

रामटेकेभाऊ भाच्याच्या लग्नाला चिमूरला गेले होते. फोनवर त्यांना ढोलकीचं सांगितलं. ते म्हणाले, की देव्हाऱ्याची आणि काट्याच्या मीटरची अर्थिंगची वायर मी एकाच स्क्रूवर दिली, तो ढिला पडला असेल. म्हणून देव्हारा लागला की काटा उगाच चढतो.

"चूक माझीच हाये, बाई. देव्हारा बंद करून पाहा. काटा उतरला त खोटा, नाई उतरला त इंजिन तापलं समजा."

मी म्हटलं, चालत्या गाडीत दिवा मालवायचा नाही, तसं बोलले आहे.

"मंग मी येतो तवर काट्यावर भरोसा नोका ठेवू."

हे यांनी ऐकलं. इतकं मनावर घेतलं, की काट्याकडे बघणंच सोडलं.

* * *

तिसऱ्या दिवशी भर दुपारी सुषमाला कळा सुरू झाल्या. तिला मधल्या सीटवर निजवलं, मी पुढे बसले. कोठारीच्या अलीकडे जंगलात काटा लाल पट्ट्यात गेला. आरती सुरू, दिवे सुरू.

मी म्हटलं, बघा हो जरा. हे म्हणाले, "तो देवाच्या नादी लागला हाये. तू समोर पाह्य."

मी मागे पाहिलं. सुषमा ओठ दाबून डोळे मिटून पडली होती. मी देव्हाऱ्याचं बटण दाबलं. दिवे गेले, आरती अर्ध्या कडव्यात तुटली.

काटा होता तिथेच.

"अहो, थांबवा."

"काऊन?"

"दिवा मालवला मी. काटा नाई उतरला."

यांनी गाडी कडेला घेतली. रेडिएटरचा पाइप उभा चिरला होता, आत पाणी नावाला. आणखी थोडं गेलो असतो तर इंजिन त्या जंगलातच बसलं असतं. सुदैवाने मागून आमच्याच स्टँडची जीप येत होती. तिच्यातून मी सुषमाला घेऊन पुढे गेले, हे गाडीपाशी थांबले. दिवस मावळायच्या आत मला नात झाली.

रामटेकेभाऊंनी चिमूरहून परतल्यावर मीटरला वेगळी वायर दिली. जाताना हळूच विचारलं, "बाई, नवस मोडला न?"

मी म्हटलं, "विचारलं मी महादेवाले. अजून काही बोलला नाई."

तुमच्याही गाडीत कुणी देवाचा दिवा जोडला असेल, तर एवढं माझं ऐका. एकदा तो मालवून काट्याकडे बघा. नवस बोलला असाल तरी बघा.