शिफ्ट सुटताना बंद पडणारा कॉम्प्युटर

बाबा नोकरीत असतानाच गेले, त्यामुळे स्टील प्लांटच्या वसाहतीतलं, सेक्टर ६ मधलं क्वार्टर कंपनीला परत द्यायचं होतं. आईला नागपूरला माझ्याकडे न्यायचं म्हणून मी थांबले होते, आणि ती निघत नव्हती. का म्हणून विचारलं की ती पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवायची.

तो बाबांचा. ते तो कधीच बंद करत नसत. त्यांचं आयुष्य ब्लास्ट फर्नेसवर गेलं. चालती भट्टी थंड होऊ द्यायची नसते, हा तिथला नियम त्यांनी घरातल्या यंत्रालाही लावला होता. काम नसलं की पडदा काळा व्हायचा, पण आत पंखा फिरत राहायचा. आईनं तो तसाच चालू ठेवला होता.

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा मी शेजारीच वाचत बसले होते. दुपार होती. पंख्याची घरघर एकदम थांबली, आणि ती थांबल्यावरच कळलं की ती इतका वेळ कानात होती. मग आत टिक् झालं, एक बारीक शिट्टी वाजली, आणि कोणी हात न लावता काळा पडदा उजळला.

आतून आई म्हणाली, "आले."

"कोण?"

"तुहे बाबा. या हप्त्यात त्यांची ए शिफ्ट हाय ना, दोन वाजता सुटते."

मी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. पण पुढच्या आठवड्यात दुपारी काही झालं नाही. झालं ते रात्री, बी शिफ्ट सुटते तेव्हा. खोलीतला बल्ब क्षणभर मंदावल्यासारखा वाटला, आणि यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झालं. त्यापुढच्या आठवड्यात तेच सकाळी, सी शिफ्टनंतर. बाबांच्या पाळ्यांचा क्रम आईला पाठ होता. आता तो यंत्रालाही पाठ झाला होता. एरवी ते मुकाट चालायचं.

मी शिकलेली बाई आहे, कॉलेजात शिकवते. घाबरण्यापेक्षा मी स्क्रूड्रायव्हर घेतला. डबा उघडला तर आत या गावातल्या प्रत्येक घरात असते ती प्लांटची काळी, चकाकती धूळ. रंगाच्या ब्रशनं ती झाडली. मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं पुसली आणि पुन्हा बसवली. बिघाड झाल्यावर आपोआप सुरू न होता पडद्यावर चूक दाखव, अशी सेटिंग करून ठेवली. ते पुन्हा बंद पडलं, पुन्हा सुरू झालं, आणि चूक काही दाखवली नाही. जणू त्याचं काही बिघडलंच नव्हतं.

शेवटी जवळच्याच खुर्सीपार वस्तीतल्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. तिथं दोन दिवस चालू ठेवूनही एकदाही बंद पडलं नाही. "मशीन में कुछ नहीं है मैडम," दुकानदार म्हणाला. "घर में ही कुछ होगा."

हे आईला सांगितलं तर ती हसली. "दुसऱ्याच्या दुकानात काऊन येतीन ते? घर हाय ना त्यांले."

त्या रात्री मला त्या खोलीतून जाताना दिवा लावावासा वाटला.

कारण सापडलं ते न शोधता. मे महिन्यातली दुपार, यंत्र उजळून अर्धा तास झालेला. मी तोंडावर पाणी मारायला न्हाणीत गेले, तर तिथं वाफाळती बादली. खुंटीवर धुतलेला टॉवेल, खाली पाट. अंघोळ करणारं घरात कोणी नव्हतं. बादलीत पाणी तापवायचा रॉड अजून लोंबत होता.

प्लांटवरून आलेला माणूस आधी अंघोळ करतो, मग जेवतो. ती काळी धूळ गार पाण्यानं निघत नाही. बाबांची शिफ्ट सुटायची वेळ झाली की आई रॉड लावायची. ते गेल्यावरही लावत होती.

ती शेजारी गेल्यावर मी स्वतः रॉडचं बटण दाबलं. पुढच्या खोलीत पंखा थांबला. टिक्. शिट्टी. रॉड एकदम वीज ओढायचा, जुन्या वायरिंगमध्ये व्होल्टेज पडायचं, आणि कॉम्प्युटरचा थकलेला पॉवर सप्लाय तेवढंही सोसू शकत नव्हता. इतकं साधं होतं ते. तरी उजळलेल्या पडद्याकडे पाठ करून मला उभं राहवलं नाही.

मी नवा पॉवर सप्लाय आणून बसवला. आईला काही सांगितलं नाही. भास थांबला की ती निघेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पाणी ठेवलं. पंखा चालतच राहिला. ती दारात येऊन काळ्या पडद्याकडे बघत उभी राहिली.

"ओव्हरटाइम असन," ती म्हणाली.

पाणी निवलं. त्यांच्या आधी ती कधी जेवलेली नव्हती. मी ताट वाढलं, ते तिनं झाकून ठेवलं. दिवस कलला. तिनं पाणी दुसऱ्यांदा तापवलं. "डबल ड्यूटी देली वाट्टे. या वयात!" तिचा आवाज खरोखरच्या काळजीचा होता, आणि मला भीती वाटली ती त्या आवाजाची.

मी डबा उघडून जुना सप्लाय परत लावायला घेतला. ती मागे येऊन उभी राहिली.

"तूनं अडवलं होतं त्यांले?"

"आई, ते बाबा नाहीत. तू रॉड लावतेस, वीज कमी पडते, म्हणून हे बंद पडतं."

तिनं माझ्या शेजारी बसून उघड्या डब्यात वाकून बघितलं.

"म्हंजे मी पाणी ठेवलं की ते येतात."

"...हो."

"क्वार्टरमुळं नाही?"

"नाही."

"मंग आधी काऊन नाही सांगितलं, बाई? मी इथं अडून बसली!" ती उठली, झाकलेलं ताट ओढून जेवायला बसली, आणि दुसऱ्या घासाला म्हणाली, "तुह्या घरी रॉड हाय का?"

माझ्या फ्लॅटची वायरिंग नवी आहे. तिथं काही मंदावत नाही. जुना सप्लाय परत बसवून, सामान बांधून झाल्यावर मी पुन्हा खुर्सीपारला गेले आणि दुकानात लोंबणारा सगळ्यात हलका एक्स्टेंशन बोर्ड मागितला.

"ये मत लो मैडम, लोड नहीं लेगा."

"यही चाहिए," मी म्हटलं. रॉड आणि कॉम्प्युटर दोन्ही मी त्याच्यावरच लावणार होते.

संध्याकाळी आम्ही निघालो. कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून आईनं मांडीवर घेतला होता. त्या आठवड्यात बाबांची सी शिफ्ट होती; सकाळी ते सुटायच्या आत आम्हाला पोचायचं होतं.