ताईची रांगोळी

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर ती सकाळी ठिपके काढायला बसली, की खाणंपिणं विसरायची. हाक मारली तरी तिला ऐकू जायची नाही. बारीक ठिपके, सगळे सारख्या अंतरावर, फूटपट्टी न लावता. एखादा चुकला तर ती सगळं पुसून पुन्हा सुरुवात करायची. बोलायची फार कमी. ती पस्तिशीत असताना डॉक्टरांनी तिला ऑटिझम असल्याचं सांगितलं. तोवर आम्ही तिला हट्टीच समजत होतो.

मग मी इंटरनेटवर वाचत सुटलो. अशी एकाग्रता असलेली माणसं मोठी कामं करून जातात, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं होतं. मला हायसं वाटलं. ताईमध्येही असं काहीतरी असणार, फक्त ते कोणाला दिसलं नव्हतं. आमच्या शहरातल्या लालबागच्या मैदानावर मेळा भरणार होता, त्यात रांगोळीची स्पर्धा होती. मी तिचं नाव दिलं.

आई म्हणाली, "राहू दे रे. ती स्वतःसाठी काढते."

मी ऐकलं नाही. मेळ्याला आम्ही दोघंच गेलो, आई घरी राहिली.

दुपारी तीनपर्यंत ताई छान रमली होती. भोवती गर्दी जमली, लोक मोबाइलवर व्हिडिओ काढू लागले. मला अभिमानाने भरून आलं. तेवढ्यात तिला एक ओळ चुकलेली वाटली आणि तिने तळहाताने अर्धी रांगोळी पुसून टाकली. संयोजक धावत आले आणि आमच्याकडच्या हिंदीमिश्रित मराठीत म्हणाले,

"भिया, चीफ गेस्ट येतच आहेत. आहे तेवढी तरी पूरी करून घ्या ना जल्दी."

मी वाकून तिचा हात धरला. "ताई, बाकीचं नको पुसू. कोणाला कळणार नाही."

ती हात सोडवू लागली. मी सोडला नाही. तेव्हा ती किंचाळली आणि कपाळ जमिनीवर आपटू लागली. मोबाइल चालूच होते. घरी येताना रिक्षात ती माझ्याकडे पाठ करून बसली.

त्याला तीन वर्षं झाली. ताईने त्यानंतर एकही ठिपका काढलेला नाही. आई गच्ची धुऊन रंग मांडून ठेवते. ताई ते बघते आणि आत निघून जाते. दिवसभर पलंगावर बसून असते.

परवा ऑफिसातल्या एकाने विचारलं. त्याच्या मुलीचं नुकतंच हेच निदान झालंय. "यांच्यात काहीतरी स्पेशल टॅलेंट असतं म्हणतात, खरं का?"

मी त्याला मेळ्यातलं सगळं सांगितलं, हात धरला तेही. आईला मी हात धरल्याचं अजून सांगितलेलं नाही.